आईची ओळ

"गाणं तुमच्यावर आहे," असं गाण्याच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पहिली ओळ कानावर पडली आणि आईनं चमकून लेकीकडे पाहिलं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिघीच होत्या. लेक एकोणीस वर्षांची. नैराश्याच्या औषधांबरोबर डॉक्टरांनी तिला या बाईंकडे गाणी रचायला पाठवलं होतं. घरी महिनोन्महिने 'हं' नाहीतर 'नको', याच्यापुढे शब्द नाही. इथे मात्र गिटार मांडीवर घेऊन ती गात होती :

आई दाराबाहेर उभी राहते,
माझा श्वास चालतोय का, ऐकत राहते.

खोटं काय होतं त्यात? दवाखान्यातून लेकीला घरी आणलं त्याच दिवशी बापानं तिच्या खोलीची कडी काढून टाकली. तेव्हापासून आईचा एक कान त्या दाराला चिकटलेला. भाजी चिरताना, आंघोळ करताना, डोळा लागला तरी. नोकरी सोडली, बहिणीकडे जाणं सोडलं. आणि हिनं त्याचं गाणं करावं?

"मी काय पहारेकरी आहे का गं?"

"नाही." लेकीनं तारांवरची नजर उचलली नाही. "पहारेकरी ड्युटी संपली की घरी जातो. तू कुठे जातेस?"

आई खिडकी उघडायला उठली. ती कायमची बंद केलेली होती. आई परत येऊन बसली.

"पुढची ओळ तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या.

"मला कुठलं यमक जुळवता येतंय!"

"नाही जुळलं तरी चालेल. मनात असेल ते म्हणा."

'लवकर बरी हो' असं म्हणायचं तिनं ठरवलं. रोज तेच म्हणायची ती. तोंडून भलतंच निघालं.

"मला झोपायचंय. दार लावून, कुणाचाही श्वास न ऐकता."

बोलली आणि तिनं जीभ चावली. आईनं असं बोलावं? तेही या लेकीसमोर? सावरून घ्या, अशा नजरेनं तिनं बाईंकडे पाहिलं. बाई लेकीकडे पाहत होत्या.

लेकीनं दोनतीनदा सूर चाचपले. मग आईचे शब्द, एकही न बदलता, गाऊन पाहिले. ओळ लांबली, शेवटाला आवाज पुरला नाही. ती थांबली, पुन्हा गायली.

"बसली चालीत," ती म्हणाली. मान वर करून तिनं आईकडे पाहिलं. "पुढे?"