आटलेला माड

"हस की जरा, गिलांग! फाशी द्यायला नाही चढवलाय तुला!"

खालून पाक मिरसान ओरडले. गावचे प्रमुख, सगळे मानानं 'पाक' म्हणत; आज कडक इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून आलेले.

गिलांग माडाच्या शेंड्यात पाय अडकवून बसला होता. डोक्यावर ड्रोन गांधीलमाशीसारखा घोंघावत होता. सकाळपासून तिसऱ्यांदा चढला होता तो. पहिल्यांदा ऊन चुकीच्या बाजूला होतं. दुसऱ्यांदा बनियनवर फुटबॉल क्लबचं नाव आलं. ड्रोन उडवणारी शहरातली ताई म्हणाली, गावातला माणूस गावातल्यासारखा दिसायला हवा. मग पाक मिरसाननी कुठून तरी झावळ्यांची टोपी आणून त्याच्या डोक्यावर बसवली. असली टोपी घालून गावात कुणीही माडावर चढत नाही. वारा आला की आधी तीच खाली जाते.

व्हिडिओ गावाचा होता. बघून पाहुण्यांनी राहायला यावं आणि पैसेवाल्यांनी नीरेच्या गुळाचा कारखाना टाकावा, म्हणून.

"आता नळी काढ! नीरा ओतून दाखव!"

गिलांगनं पोयीला, माडाच्या कोवळ्या फुलोऱ्याला, बांधलेली बांबूची नळी सोडली. आत बघायची गरजच नव्हती. हा माड त्यानंच आटवला होता.

पोयीला सकाळ-संध्याकाळ कोयत्याचा पातळ काप लागतो. थोडे दिवस काप चुकला की पोय सुकते, नीरा बंद. माडाला सुट्टी कळत नाही, ताप कळत नाही, लग्न कळत नाही. बाबा वरून पडले त्या संध्याकाळीही कुणीतरी चढायलाच हवं होतं. गिलांग शाळेच्या कपड्यांवरच चढला, तो परत शाळेत गेलाच नाही. हल्ली तो एखादा माड निवडायचा. वर जाऊन जकार्ताची बस दिसेनाशी होईपर्यंत बघत बसायचा आणि काप न देता उतरायचा. घरी सांगायचा, हाही रुसला. सगळे आटले की त्याला गावात धरून ठेवायला उरणार काय? जकार्ताजवळ बेकासीला मामाचं गॅरेज होतं. मामा म्हणाला होता, ये, पगार देतो, घरीही पाठव.

"कोरडीये!" तो वरून ओरडला.

"कोरडी कशी असेल? दार्किमचा माड आणि कोरडा?"

पाक मिरसाननी ओसरीकडे बघितलं. तिथं बांबूच्या बाजेवर दार्किम, गिलांगचे बाबा, पडून होते. कमरेखाली त्यांना काही कळत नसे, पण मान अजून माडाकडे वर व्हायची.

"बरं, उतर आणि पाणी भरून ने! व्हिडिओत कोण चव बघतंय!"

गिलांग पाण्याची नळी घेऊन पुन्हा चढला. ओतलं. हसलासुद्धा.

खाली आल्यावर ताईनं त्याच्यासमोर माईक धरला. पाक मिरसाननी कालच वाक्य पाठ करायला दिलं होतं: 'आम्ही तरुण मंडळी आमचं गाव सोडून कुठंही जाणार नाही.'

गिलांग पायांवरची माडाची धूळ झटकायला लागला.

"काय रे? दात दुखतायत?"

"तुमच्या मुलाला बोलवा ना, पाक. तो छान म्हणेल."

कुंपणाला टेकलेली पोरं फिसकन हसली. पाक मिरसानचा मुलगा तैवानला होता.

"तो तिकडं गावाचं नाव काढतोय," पाक मिरसान जराही न लाजता म्हणाले. "तू इकडं काढ. एवढं एक वाक्य बोल, की सोडतो तुला."

गिलांगचं डोकं फिरलं होतं. कधी एकदा ही माणसं जातायत असं झालेलं. त्यानं ते वाक्य माईकच्या तोंडावर फेकलं, मोठ्यानं, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं.

स्वयंपाकघरातलं ढवळणं थांबलं.

उकळत्या नीरेवरचा हात आई कधीच थांबवत नसे. तळ करपतो. क्षणभर नुसता चुलीचा आवाज आला. मग उलथनं पुन्हा फिरायला लागलं, जरा जोरात.

"वा! वाघासारखा बोललास!" पाक मिरसाननी त्याची पाठ थोपटली, टोपी काढून घेतली आणि सगळी मंडळी गाडीत बसून पुढच्या घराकडे गेली.

उन्हं उतरली. संध्याकाळच्या चढणीची वेळ झाली. गिलांग कोयता उचलायला ओसरीवर आला, तर बाबांनी हात पुढे केला. त्यानं कोयता दिला. बाबांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

"बरीच धार राहिलीये."

"हं."

"रोज सगळ्या पोयी कापणाऱ्याच्या कोयत्याला एवढी राहत नाही." बाबा माडांकडे बघत होते. "अजून किती आटवायचे राहिलेत?"

गिलांगचं उत्तर तयार होतं, भांडणही तयार होतं, पण बाबांचा आवाज चढलेलाच नव्हता.

तेवढ्यात आतून आईनं हाक मारली. "गिलांग, अरे मघाशी काय बोललास ते परत म्हण ना! चुलीपाशी नीट ऐकू नाही आलं!"

गिलांगनं दाराकडे बघितलं, मग बाबांकडे.

बाबांनी कोयता उलटा करून मूठ त्याच्या हातात दिली.

"म्हण तिला," ते हळूच म्हणाले. "आणि चुलीमागचा माड सगळ्यात शेवटी आटव. तिथली नीरा ती रोज चाखते."