पंचमीचा दंडक

ऊस तुटून गेला, रानात नुसतं वाळल्या पाल्याचं पाचट उरलं. "सरीतच कुजू द्या, खोडव्याच्या नव्या फुटीला खत हुईल," असं अंबूबाई नवऱ्याला परोपरीनं सांगत होत्या. पण लालासाहेबांचं एकच, "कचरा कुणी सांभाळतं व्हय? एक काडी लावली की रान मोकळं."

जेवण करून पेटवू, म्हणून ते बांधावर टेकले. बायकोनं आणलेलं फडकं सोडलं, तर आत भाकरी नव्हती, उकडलेली पुरणाची दिंडं होती.

"आगं, माघात दिंडं? भाकरी का न्हाई केलीस?"

"तवा न्हाई ठिवला."

हा दंडक लालासाहेबांचाच. नागपंचमीला शिराळ्यातल्या त्यांच्या घरात विळी निघायची नाही, रानात कुदळ लागायची नाही, चुलीवर तवा चढायचा नाही; उकडलेली दिंडंच व्हायची. नागाला इजा होते म्हणून.

"पंचमी सरून सहा म्हयनं झालं की!"

"पंचमी सरली. नाग हितंच हायत न्हवं, पाचटाखाली?" अंबूबाईंनी त्यांच्या खिशातल्या काड्यापेटीकडं बघितलं. "तुमी आज सगळ्या रानाचाच तवा तापवणार. म्हणलं, घरातला तरी गार ऱ्हाऊंदे."