तिकडची शीळ

पाहुण्यांना जंगलातले पक्षी दाखवणं हे माझं काम, तरी चोका नावाच्या पक्ष्याच्या दोन जातींत मी अजून गोंधळतो. दोन्ही राखाडी, गाताना दोघींचीही शेपटी थरथरते. एक नदीच्या अलीकडे राहते, दुसरी पलीकडे. आज आसाईच्या फळांचा गर खाताना मी बाबांना दोघींची रेकॉर्डिंग ऐकवली. "ही इथली. ती पलीकडची, शेवटी सूर चढवते," बाबा सहज म्हणाले. मग, हल्ली बघतात तसं, माझ्याकडे अनोळखी नजरेने बघतच राहिले. "आणि तू कोणता रे? इथला की तिकडचा?" माझा भाऊ वाल्देसी दहा वर्षांपूर्वी नदीपलीकडे गेला तो परतलाच नाही. बाबा रोज धक्क्यावर त्याची वाट बघत बसतात. "तिकडचा. वाल्देसी," मी म्हणालो. बाबांचा चेहरा खुलला. "मग घाल बघू तिकडची शीळ." मी घातली. बाबांनी वाडगा खाली ठेवला. "सूर चढलाच नाही. तू इथलाच. मग वाल्देसी कुठंय?"