कोण चालतंय?

लय

"थांबा, थांबा. पळताय कुठे?" ब्रिजितबाईंनी पाय थांबवले तशी पायाने भाता मारायची ती जुनी ऑर्गन-पेटी धापा टाकत गप्प झाली.

भाऊरावने क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. "पळतोय कुठं बाई? हळूच वाजवतोय की."

"याच्याहून हळू."

"कोण चालतंय?"

"म्हणजे?"

"चालतंय कोण, ते सांगा ना. घोड्यावरचा नवरा असेल तर एक चाल. नवरी निघाली सासरी, तर दुसरी. जयंतीची मिरवणूक असली की तिसरी. माणसांचे पाय बघून वाजवतो आम्ही."

"कोणीच चालत नाही. सगळे बाकांवर बसलेले असतील."

भाऊरावने मरोळच्या त्या लहानशा चर्चमधल्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं. घाटकोपरच्या बँडमध्ये त्याची हयात गेली होती, पण बसलेल्या माणसांसाठी त्याने कधी वाजवलं नव्हतं.

"मग मयताची चाल घेऊ?"

"घ्या."

घेतली. तीही पळाली. या शहरात मयतालाही घाई असते. नाक्यावर हवालदार शिट्टी मारतो, मागून बस हॉर्न देते, खांदेकरी झपाझप पाय उचलतात. भाऊरावला तेवढंच हळू ठाऊक.

रविवारी ब्रिजितबाईंच्या नवऱ्याच्या, ऑगस्टिनच्या पहिल्या पुण्यतिथीची मिस्सा होती. ऑर्गन आणि क्लॅरिनेटची ही धून नवराबायको मिळून वाजवत, बाई पेटीवर, ते क्लॅरिनेटवर; आता त्यांच्या जागी भाऊराव होता. आज जमलं नाही तर फादर कॅसेट लावणार होते. कॅसेटशी भाऊरावचं जुनं वैर. बँडच्या मालकाने हातगाडीवर टेप आणि भोंगा चढवला, तेव्हापासून तो लग्नसराईतही घरीच बसून होता.

"पुन्हा," तो म्हणाला.

सूर

"चढतंय तुमचं."

"पेटी उतरलीय तुमची, बाई."

"ती म्हातारी आहे. ती आता वर यायची नाही. तुम्ही खाली या."

भाऊरावने क्लॅरिनेटचे सांधे खेचले, खेचवतील तितके खेचले. तरी केसभर चढंच. बसच्या खिडकीत ऊन खात आलेलं वाद्य, त्याचा तरी काय दोष. त्याने ते रुमालात गुंडाळून गार फरशीवर आडवं ठेवलं. दोघं पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायली.

"ऑगस्टिन चिडायचे या पेटीवर," बाई म्हणाल्या. "म्हणायचे, विकून टाक आणि आरेतून म्हैस आण. ती तरी सुरात ओरडेल."

"मग?"

"मग काय? मला पेटी वाजवता येते. म्हैस नाही येत."

भाऊराव हसला. बाई हसल्या नाहीत. क्लॅरिनेट उचलून त्यांनी गालाला लावून पाहिलं. गार झालं होतं.

"एफ," त्या म्हणाल्या.

"आमची पांढरी चार." त्याने सूर दिला. पेटीतला सूर त्यात जाऊन बसला.

लय, पुन्हा

सूर बसला, चाल मात्र पळतच होती.

बाई उठल्या. दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. उजवा हात वाकवलेला, पंजा हवेत, जणू कोणाचं तरी कोपर धरलंय.

"आम्ही दोघं शेवटी शेवटी इथे असं यायचो. बघा."

आणि बाकांच्या मधल्या वाटेने चालू लागल्या. एक पाऊल. थांबल्या. दुसरं.

भाऊरावने तोंडाकडे पाहिलं नाही. पाय पाहिले.

बाई पुढे पोचल्या, वळल्या, पुन्हा दाराशी गेल्या. दुसऱ्या खेपेला त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं. साथीला पेटी नव्हती, भाता मारायला माणूसच नव्हतं. नुसतं क्लॅरिनेट आणि बाईंच्या चपला. अर्ध्या वाटेत बाई एका बाकाला धरून थांबल्या. त्यानेही सूर धरून ठेवला. छाती रिकामी झाली, कानशिलं तापली. तेव्हा कुठे बाईंनी पाऊल उचललं.

"जमलं," त्या म्हणाल्या आणि पेटीवर जाऊन बसल्या. "पण रविवारी मी चालणार नाही हां. मी इथे असणार."

"ठाऊक आहे."

भाव

"हे वर काय लिहिलंय?" कागदावर बोट ठेवून भाऊरावने विचारलं.

"इटालियन आहे. भाव कसा ठेवायचा, ते."

"रडका?"

"छे."

"मग हसरा?"

बाईंनी थोडा विचार केला. "रडून झालं की माणूस तोंड धुतं ना? त्यानंतरचा."

रविवारी बाक भरले. मधली वाट मोकळी. फादरनी खूण केली. पेटीत हवा भरली.

भाऊरावची नजर दाराजवळच्या फरशीवर होती. तिथून ती पुढे येऊ लागली. एक फरशी. थांबली. दुसरी. धून तिच्यासोबत. अर्ध्या वाटेत, त्याच बाकाशी, नजर अडकली. क्लॅरिनेट तिथेच राहिलं, आणि त्याच्यासाठी पेटीही. कोणीतरी खोकलं. मग दोन्ही पुढे निघाली.

शेवटच्या ओळीला नजर त्याच्या स्वतःच्या पायांशी येऊन पोचली. सूर न तोडता भाऊराव एक पाऊल मागे सरकला, मिरवणुकीत सरकतात तसा, वाट देत.

पेटीसमोरच्या बाकड्यावर ब्रिजितबाईही शेजारी जागा करत जराशा सरकून बसल्या.