पेन्शनची रंगीत तालीम

आपल्या माघारी बायकोची परवड होऊ नये, म्हणून पेन्शन ऑफिसातून रिटायर झालेले हेडक्लार्क दर रविवारी तिची तालीम घ्यायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीआड, ओट्याला टेकून ते साहेब व्हायचे आणि खिडकीबाहेर ती, त्यांचीच विधवा.

"दाखला आणलात?"

"मृत्यूचा आणि लग्नाचा, दोन्ही."

"खातं?"

"दोघांच्या नावावर आहे, तेच चालेल."

"अगं, हसतेस काय? नवरा गेलाय तुझा!"

सवयीने एकदा तर त्यांनी तिला "उद्या या" म्हणून परतही पाठवलं.

अखेर ती पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाली. चला, आता आपण कधीही डोळे मिटायला मोकळे, म्हणून हेडक्लार्क खूश!

"आता माझी पाळी," ती म्हणाली. "समजा, मी आधी गेले. चहा करून दाखवा."

इतके रविवार ज्या ओट्याला टेकले होते, त्याच ओट्यावरचे सगळे डबे या बृहस्पतींनी उघडून पाहिले. शेवटी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी विचारलं, "साखर कशात असते गं?"



"नापास," ती म्हणाली. "म्हणजे मला काही एवढ्यात मरता येत नाही."