पुढची चाकं

“लिव्हर ओढली तरी यंदा पुढची चाकं जोर लावत नाहीत,” दळवीकाका म्हणाले. “इतकी वर्षं याच फोर व्हीलवर, चारही चाकांच्या जोरावर, काजूच्या बागेत चढतोय मी.”

मी त्यांच्या जुन्या पिकपखाली शिरलो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्टच जागेवर नव्हता. बोल्टची भोकं गंजून बुजली होती, म्हणजे तो काढून वर्षं लोटली होती.

बाहेर आलो तेव्हा काका चहा सांगायला गेले होते. काकी मात्र गाडीला टेकून उभ्या होत्या.

“शाफ्ट मीच काढायला लावलेला,” त्या हळूच म्हणाल्या. “एकदा दरीच्या कडेला नेऊन अडकवली यांनी गाडी. म्हटलं, चढलीच नाही तर नाद सोडतील. कसला सोडतायत.”

“मग आता नवा बसवू?”

“नको बाबा. थेट डोंगरमाथाच गाठतील. तेल बदललं म्हणून सांग.”

मी तेल बदललं आणि तेवढंच सांगितलं.

संध्याकाळी बागेतून काकांचा फोन आला. “तेलाचाच प्रॉब्लेम होता बघ. पुढची चाकं आता अशी ओढतायत, मागच्यांची गरजच नाही. उद्या तुझ्या काकीला घेऊन माथ्यावर जातो.”