स्पष्टीकरण कौशल्य

“बिभीषणा! ए बिभीषणा! हिकडं बघ की रं!”

तारेच्या कुंपणापलीकडून हाक आली तेव्हा बिभीषण सगळ्यांसारखाच काळ्या काचांकडे तोंड करून उभा होता. बी.एड.ची अख्खी बॅच सकाळी सोलापुरातून बसने आली होती. पर्यावरण शिक्षणाची क्षेत्रभेट. अक्कलकोट रोडच्या आतल्या माळावर नजर पोचेल तिथवर सौर पॅनेल मांडलेले, आणि शिवानंद सर सांगत होते, “धूर नाही, राख नाही, आवाज नाही. शाश्वत विकास म्हणतात तो हा. लिहून घ्या.” पोरं-पोरी लिहून घेत होती. ज्यांचं लिहून झालं ती सेल्फी काढत होती.

हाक मारणारा त्याचा चुलता, धुळा. मागं सगळा कळप. उन्हाच्या तडाख्यानं मेंढरांनी एकमेकांच्या पोटाखालच्या सावलीत तोंडं खुपसलेली. हा माळ गायरान होता तोवर या वेळेला ती तळ्यावर असायची. तळं आता तारेच्या आत गेलं होतं. त्याच तळ्याला मोटार लावून दोन माणसं पाइपनं काचा धूत होती. धूळ बसली की वीज कमी होते म्हणे.

“फाटक उघडाय सांग की ह्यास्नी,” धुळा म्हणाला. “कालपास्नं पाणी न्हाय मेंढरांच्या तोंडाला. खालची हीर आटली. घटकाभर सोडा म्हणावं, पाजतो आन् भाईर काढतो. तुज्या वळकीचं सायेब दिसत्यात.”

“तात्या, सायेब न्हाईत ते. आमचे सर हायेत.”

“मग तर लईच झ्याक. मास्तराचा शबूद कोण मोडतंय?”

बिभीषण फाटकावरच्या वॉचमनकडे गेला. वॉचमन गावातलाच. तो डोळ्याला डोळा देईना. “माणसं सोडतो गड्या. जनावर आत दिसलं तर माजी नोकरी जाती. वर कॅमेरा हाय.”

“मग पाइप तरी भाईर धरा.”

“पाण्याला मीटर हाय बाबा. माज्या हातात काय हाय?”

म्हणून तो सरांकडे आला. “सर, ते माझे चुलते. मेंढ्या तहानल्यात. तुम्ही मॅनेजरांना एक फोन केला तर…”

“आपण पाहुणे आहोत इथं, बिभीषण. पुढच्या बॅचलाही यायचंय.” असं म्हणता म्हणता सरांचं लक्ष धुळ्याकडे गेलं आणि चेहरा उजळला. “चुलते म्हणालास ना? अरे, मग ही तर संधी आहे! प्रकल्पांना विरोध का होतो? जाणीवजागृती नाही म्हणून. चल, सूक्ष्म पाठ होऊन जाऊ दे. स्पष्टीकरण कौशल्य. ज्ञाताकडून अज्ञाताकडे. बाकीच्यांनी निरीक्षण करून गुण द्या.”

वर्गात सरावाचे हे छोटे पाठ घेताना पोरं एकमेकांनाच विद्यार्थी करत. आज खरा मिळाला होता.

“आणि फोन, सर?”

“आधी पाठ. मग बघू.”

बिभीषण तारेजवळ गेला. “तात्या, मी इचारतो तेवढं सांगा. मग सर फोन करतील बहुतेक.”

“इचार की.” धुळ्यानं डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं, हात जोडले आणि तहसीलदारापुढं उभं राहावं तसा उभा राहिला.

“सूर्यापासून आपल्याला काय मिळतं?”

“ऊन.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

“कोळसा जाळला तर काय होतं?”

“वंगाळ हुतं.”

“मग हा प्रकल्प चांगला की वाईट?”

धुळ्यानं एकदा मागं मेंढरांकडं बघितलं. “चांगला. लई चांगला.”

“चराई,” सर मागून कुजबुजले. “चराई राहिली. ती विचार.”

याच कळपामागं बिभीषण चालायला शिकला होता. पण फोन अजून व्हायचा होता.

“तात्या… मेंढरांच्या चराईनं माळ उजाड होतो का?”

आत पाइपचं पाणी काचांवर सळसळत होतं. त्या आवाजानं मेंढरांनी माना वर केल्या.

“हुतो की,” धुळा म्हणाला. “समदा माळ मेंढरांनीच खाल्ला.”

टाळ्या पडल्या. सरांनी पाठ थोपटली. “बघा! दृष्टिकोन असा बदलायचा असतो.” शिकवण्याचं समाधान मोठं वाईट. ते एकदा तोंडावर चढलं की समोर कुणी तहानेनं मेलं तरी दिसत नाही.

“प्रतिसाद भारी घेतलास रे,” बॅचमधली अपेक्षा म्हणाली. “फलकलेखन नाही म्हणून थोडे गुण कापले. रागवू नकोस हं.”

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

“सर, तो फोन…”

“अरे हो. अक्कलकोटला पोचलो की आठवण कर. आता निघू या, प्रसादाची वेळ टळेल.”

सगळे फाटकातून बाहेर पडले. धुळ्यानं कळप आधीच तिथं आणून उभा केला होता. पोरी पदर सावरत, नाकाला रुमाल लावत मेंढरांतून वाट काढत बसकडे गेल्या. मागं वॉचमननं साखळी ओढून घेतली. पुढच्या मेंढीनं फाटकाच्या जाळीला कपाळ लावलं आणि ती तशीच राहिली.

बिभीषण खाली मान घालून चालला होता. धुळ्यानं त्याचा दंड धरला.

“समदं बराबर सांगितलं न्हवं मी? का यखादं चुकलं?” तो हळू आवाजात म्हणाला. “चुकलं आसंल तर फिरून इचार की रं.”